हात भाजला तर आधी पाणी



गेल्या महिन्याच्या सदरावर बरीच पत्रे आली. त्यांतले एक मेहकर तालुक्यातल्या एका सुनेचे आहे. लग्नाला वर्ष झालेले, घर मोठे, जेवणारी माणसे दहा. रमजानमध्ये इफ्तारीची भजी तळताना कढईतले तेल उडाले आणि तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर चार ठिकाणी पडले. ती लिहिते की सासूबाईंनी साजूक तूप चोळले, मोठ्या जाऊबाईंनी टूथपेस्ट लावली, शेजारच्या काकूंनी वरून हळद दाबली आणि नवरा धावत जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून बर्फ घेऊन आला. सगळ्यांनी मायेनेच केले. पण फोड फुटले, चिघळले आणि ईदला मेंदी काढायला हात उरला नाही. शेवटी तिने विचारले आहे, बाजी, या चौघांपैकी बरोबर कोण होते?

बेटा, चौघांपैकी कोणीच नाही. बरोबर होता तो तुमच्या मोरीतला पाण्याचा लोटा. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही, एवढेच.

मी डॉक्टर नाही. मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवण्यात माझी नोकरी गेली. तरी या विषयावर मी जरा अधिकाराने बोलते, त्याला कारण माझी धाकटी खाला.

खाला सतरा वर्षांची असताना तिच्या डाव्या हातावर उकळत्या चहाचे पातेले कलंडले. तेव्हा घरात पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह होता, जमिनीवर ठेवलेला. हाताच्या बोटांची कातडी लगेच पांढरी पडली. नानीने राख आणि तेल एकत्र करून लावले आणि चारही बोटे एकाच फडक्यात घट्ट बांधून टाकली. दवाखाना दूर होता, पण खरी अडचण अंतराची नव्हती. लग्नाची मुलगी भाजली म्हटले की लोक नाही नाही ते विचारतील, पोलिसांत नोंद होईल, अशी नानांना भीती होती. वीस दिवसांनी फडके सोडले तेव्हा मधली दोन बोटे मुळाशी एकमेकांना चिकटून भरली होती. खाला शिवणकाम फार सुरेख करायची. त्यानंतर तिने मशीनला हात लावला नाही. आयुष्यभर ती एका हाताने कणीक मळायची आणि दुसरा हात ओढणीखाली ठेवायची. आता ती हयात नाही. अल्लाह तिची मगफिरत करो.

ओली जखम असलेली दोन बोटे एकत्र बांधली की ती जोडून भरू शकतात. आज हे कोणतीही नर्स सांगेल. मध्ये स्वच्छ कापडाची एक पट्टी ठेवली असती तरी खालाचे हात वाचले असते. म्हणून हा लेख.

आच आत राहते

तवा गॅसवरून खाली उतरवला तरी त्याच्यावर टाकलेली भाकरी काही वेळ भाजतच राहते, हे आपण रोज पाहतो. त्वचेचेही तसेच आहे. चटका बसला, आपण हात मागे घेतला, पण त्वचेत शिरलेली उष्णता आत खोल उतरत राहते आणि वरच्या थराबरोबर खालचा थरही भाजत जातो. साठ अंश सेल्सिअसचे पाणी मोठ्या माणसाच्या त्वचेला पाचेक सेकंदांत खोल भाजू शकते आणि सत्तर अंशांचे एका सेकंदात. लहान मुलांची कातडी पातळ, त्यांना त्याहून कमी वेळ लागतो. आता हिशोब करा: चुलीवरून नुकताच उतरवलेला चहा नव्वद अंशांच्या आसपास असतो आणि भज्यांचे तेल एकशे ऐंशीच्या आसपास.

म्हणून पहिले काम एकच, आतली आच बाहेर काढायची. ती काढते पाणी. भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटे धरायचा. दोन मिनिटे नव्हे, आग थांबेपर्यंतही नव्हे, घड्याळ लावून वीस मिनिटे. जगभरचे डॉक्टर आज हेच सांगतात. लगेच जमले नाही तरी हार मानू नका. भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो. पाण्याने वेदना कमी होते, फोड कमी येतात, जखम खोल जात नाही आणि डागही हलका राहतो.

ही काही नवी विद्या नाही. हजारहून अधिक वर्षांपूर्वीचे नामवंत हकीम अबू बक्र अल-राझी यांनीही भाजल्याच्या वेदनेवर थंड पाणी सांगितले होते. मधल्या काळात आपण ते विसरलो आणि डबे, बरण्या, ट्यूब उघडत बसलो.

पाणी सुरू असतानाच बांगड्या आणि अंगठी काढून घ्या. पंधरा-वीस मिनिटांत हात सुजतो, मग काचेची बांगडी फोडावी लागते आणि अंगठी कापावी लागते. गरम पाण्याने किंवा तेलाने भिजलेला कपडा अंगावरून दूर करा. मात्र नायलॉनचा कपडा वितळून कातडीला चिकटला असेल तर तो ओढू नका. त्यावरूनच पाणी घाला आणि दवाखाना गाठा.

नळ कोरडा असेल तर?

आता तुम्ही म्हणाल, बाजी, तुम्ही वाहत्या नळाची गोष्ट सांगता, आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. खरे आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळ्यात पाण्याची काय गत होते ते मला वेगळे सांगायला नको. वीस मिनिटे नळ सोडा, हे वाक्य शहरातल्या पुस्तकात शोभते. आपल्याकडे त्याची सोय अशी करता येते.

भाजलेला हात एका स्वच्छ घमेल्यावर किंवा टोपल्यावर धरा. दुसऱ्या माणसाने लोट्याने वरून हळूहळू धार सोडत राहायचे. वजूचा तोटीचा बधना असेल तर उत्तम, कारण त्याची धार बारीक पडते आणि पाणी पुरते. घमेल्यात साठलेले पाणी स्वच्छ असेल आणि कोमट झाले नसेल तर तेच पुन्हा बधन्यात भरून वापरता येते. कोमट वाटू लागले की बदला. अशा रीतीने अर्धी बादलीभर पाण्यात वीस मिनिटे सहज निघतात. मदतीला कोणी नसेल तर हात पाण्याच्या भांड्यात बुडवून बसा. भाजलेला भाग चेहऱ्यावर किंवा खांद्यावर असेल तर स्वच्छ सुती फडके पाण्यात भिजवून ठेवा आणि मिनिटा-दोन मिनिटांनी पुन्हा भिजवा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचे पाणी हात पोळेल इतके तापलेले असते. घाईत त्या नळाखाली भाजलेला हात धरला तर उपाय राहिला बाजूला, चटक्यावर चटका बसतो. उन्हाळ्यात माठाचे किंवा रांजणाचे पाणी घ्या. ते थंड असते, पण बर्फासारखे गार नसते. भाजलेल्या त्वचेला हवे ते हेच.

मूल लहान असेल आणि भाजलेला भाग मोठा असेल तर आणखी एक काळजी घ्या. भाजलेल्या जागी पाणी घाला, पण बाकीचे अंग चादरीत गुंडाळून गरम ठेवा. सारे मूल थंड पाण्यात बसवले तर ते गारठते आणि दुखणे दुप्पट होते.

काय लावू नये

तूप, तेल, लोणी: यांनी त्वचेवर थर बसतो आणि आतली आच आतच कोंडली जाते. तूप लावल्यावर क्षणभर बरे वाटते म्हणून आपला विश्वास बसला आहे. ते बरे वाटणे थंड तुपाचे आहे, औषधाचे नाही.

बर्फ: भाजलेल्या जागेचा रक्तपुरवठा बर्फाने आवळला जातो आणि आधीच दुखावलेली कातडी गारठ्याने आणखी मरते.

टूथपेस्ट: ती दात घासायला आहे. तिच्यातल्या पदार्थांनी जखम चुरचुरते आणि वाळल्यावर ती खरवडून काढताना कातडी सोलून निघते.

हळद, शाई, कॉफी पावडर, राख, चिखल: एक तर ही जंतुविरहित नसतात, त्यामुळे जखमेत घाण जाते. दुसरे असे की जखम रंगते. भाजलेली जागा गुलाबी आहे की पांढरी की काळपट, यावरून डॉक्टर खोली ठरवतात. हळदीने पिवळी किंवा शाईने निळी झालेली जखम पाहून त्यांना काय कळणार? आधी ती घासून धुवावी लागते आणि त्या वेळच्या किंकाळ्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्या पुन्हा हळद लावणार नाहीत.

कच्च्या अंड्याचा पांढरा: यातही जंतू असतात. अंडे शीरखुर्म्याबरोबरच्या नाश्त्याला ठेवा.

आणि फोड. फोड फोडू नका. फोडाची कातडी म्हणजे अल्लाहने दिलेली पट्टी आहे. तिच्याहून स्वच्छ पट्टी बाजारात मिळत नाही.

मग आजीबाईंचे सारेच खोटे का?

नाही. आपल्या महाराष्ट्रातल्याच डॉक्टरांनी काही घरगुती वस्तू दवाखान्यात नीट तपासून पाहिल्या आहेत. ती हकिकत मोठी वाचनीय आहे.

सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी मधावर काम केले. वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. ५२ जणांच्या जखमांवर मध लावला आणि ५२ जणांना त्या वेळचे नेहमीचे मलम, म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझिन. मध लावलेल्यांपैकी ८७ टक्के जखमा पंधरा दिवसांत भरल्या, मलम लावलेल्यांपैकी १० टक्के. हा निबंध १९९१ साली इंग्लंडच्या शल्यचिकित्सेच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. एका अभ्यासावर सगळे ठरत नाही. पण पुढे २०१५ मध्ये जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हाही मधल्या थरापर्यंत भाजलेल्या जखमा साध्या पट्ट्यांपेक्षा मधाने सुमारे चार-पाच दिवस लवकर भरतात असे दिसले. सूरह नहलमध्ये मधमाशीच्या पोटातून निघणाऱ्या पेयात लोकांसाठी शिफा असल्याचा उल्लेख आहे, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. सोलापूरच्या दवाखान्यात त्याचा एक पैलू मोजून पाहिला गेला, असे म्हणायला हरकत नाही.

मुंबईत परळच्या बाई जेरबाई वाडिया लहान मुलांच्या रुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या केल्या. १९८५ मध्ये त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. साली उकडून, जाळीच्या कापडावर चिकटवून, निर्जंतुक करून त्या जखमेवर ठेवायच्या. साल ओलावा धरून ठेवते, जखम वाळून तडकत नाही. गरीब घरच्या मुलांसाठी स्वस्तातली पट्टी, असा त्यांचा विचार होता. पुढे १९९६ मध्ये सोलापूरला मध आणि बटाट्याची साल यांची तुलना झाली तेव्हा मध सरस ठरला.

आणि मुंबईच्याच सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली. २००३ मध्ये त्यांचा निबंध आला. केळीचे पान गुळगुळीत, ते जखमेला चिकटत नाही. त्यामुळे पट्टी बदलताना रुग्ण ओरडत नाही. खर्च तर नगण्य. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात केळीच्या बागाच बागा आहेत, आणि आपण मात्र त्या पानाकडे ताट म्हणूनच पाहत आलो.

पण आता नीट वाचा. या तिन्ही ठिकाणी जखम आधी धुतलेली होती. बटाट्याची साल आणि केळीचे पान निर्जंतुक केलेले होते. वर डॉक्टरांचे रोजचे लक्ष होते. वस्तू घरची होती, वापर दवाखान्यातला होता. म्हणून केसवानी डॉक्टरांचे नाव सांगून कोणी कच्चा बटाटा किसून जखमेवर थापला, तर तो त्यांचा उपाय नव्हे. मधाचेही तेच. दुकानातल्या बरणीत साखरेचा पाक मिसळलेला असू शकतो, आणि पोळ्यातून काढलेल्या मधात मेण, धूळ, माशीचे पाय असतात. दवाखान्यात वापरायचा मध वेगळ्या प्रक्रियेने जंतुविरहित केलेला असतो. फुटलेल्या जखमेवर मध लावायचा असेल तर डॉक्टरांना विचारून, त्यांनी सांगितलेलाच.

कोरफडीबद्दल पुष्कळजणी विचारतात. तव्याच्या काठाचा चटका, वाफेचा झटका, उन्हाने लाल झालेली कातडी, म्हणजे फोड नाही आणि कातडी शाबूत आहे, अशा ठिकाणी वीस मिनिटे पाणी घातल्यानंतर कोरफडीचा गर लावायला हरकत नाही. पान धुऊन कापा, पिवळा चीक निथळू द्या आणि आतला पारदर्शक गर तेवढा घ्या. फोड आला असेल किंवा कातडी निघाली असेल तर कोरफडही नको.

आपल्या आज्या-नान्या शोधत होत्या त्या दोनच गोष्टी: गारवा आणि झाकण. तुपात त्यांनी गारवा शोधला, हळदीत झाकण. त्यांची गरज बरोबर होती, वस्तू चुकल्या. गारव्यासाठी पाणी आहे आणि झाकणासाठी स्वच्छ कापड.

पाण्यानंतर

वीस मिनिटे झाली की जागा घासू नका, कापडाने नुसती टिपून घ्या. धुऊन उन्हात वाळवलेले जुने सुती कापड, ज्याचे धागे सुटत नाहीत, ते सैलसर ठेवा. कापूस कधीही ठेवू नका, त्याचे तंतू जखमेत रुततात. डबे झाकायची पातळ पारदर्शक प्लास्टिकची गुंडाळी घरात असेल तर तिचा पहिला वेढा फेकून द्या आणि पुढचा तुकडा जखमेवर नुसता पसरा, गुंडाळून आवळू नका. बोटे भाजली असतील तर प्रत्येक बोट वेगळे. पुन्हा सांगते, प्रत्येक बोट वेगळे.

हात उशीवर उंच ठेवा, सूज कमी राहते. दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालते. लहान मुलांना ते वयानुसार आणि वजनानुसार, डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारून द्या. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते आठवत नसेल तर आरोग्य केंद्रात जाऊन विचारा.

पुढच्या बाबतींत घरी थांबायचे नाही:

भाजलेला भाग रुग्णाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठा असेल.

चेहरा, डोळे, हात, पाय, सांधा किंवा गुप्तांग भाजले असेल.

जखम पांढरी, तपकिरी किंवा काळी दिसत असेल आणि दुखत नसेल. दुखत नाही म्हणून आनंद मानू नका, तिथल्या नसाच जळालेल्या असतात.

रुग्ण पाच वर्षांखालचे मूल, वयस्कर माणूस, गरोदर बाई किंवा शुगरचा रुग्ण असेल. शुगर असलेल्यांच्या पायाला चटका बसला तरी कळत नाही आणि जखम मात्र महिनोन्महिने राहते.

वीज लागून, ॲसिडने किंवा आगीच्या धुरात सापडून भाजले असेल.

चार-पाच दिवसांनी लाली पसरली, पू आला, वास आला किंवा ताप चढला असेल.

वाहन नसेल तर १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत येते. आणि माझ्या नानांसारखी भीती बाळगू नका. नोंद होईल म्हणून उशीर केला तर नोंद टळते, पण हात जातो. कोणी मुद्दाम भाजवले असेल तर ते लपवणे हा त्या मुलीवरचा दुसरा जुलूम आहे. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे.

नमाज, रोजा आणि पट्टी

पत्रांतून हे हमखास विचारले जाते. पट्टी ओली झाल्याने जखमेला इजा होणार असेल तर वजू करताना त्या जागी पाणी न घालता पट्टीवरून ओला हात फिरवण्याची, म्हणजे मसह करण्याची सवलत आहे. वजूसाठी पट्टी रोज पाच वेळा सोडून जखम भिजवू नका. त्वचेवर लावलेल्या औषधाने रोजा तुटत नाही. गोळी गिळली तर तुटतो, पण आजाऱ्याला रोजा सोडून नंतर कजा करण्याची मुभा आहे. तुमच्या बाबतीत नेमके काय, ते जवळच्या आलिमांना विचारा. आणि दुआ? दुआ जरूर करा. पढून फुंकर घालायची तरी घाला, पण लांबून. जखमेवर तोंडाने फुंकल्यास थुंकीचे कण पडतात. दुआ ओठांवर असू द्या आणि हात पाण्याच्या धारेखाली.

चटका बसूच नये म्हणून

ओढणी. निम्मे अपघात तिच्यापायी होतात असे मला नेहमी वाटते. शेगडीजवळ जाताना ती मागे बांधा किंवा कमरेला खोचा. स्वयंपाकाला सुती कपडे घाला, नायलॉनचे नको. कपड्याने पेट घेतलाच तर पळू नका, वाऱ्याने ज्वाला वाढते. जमिनीवर लोळा, आणि बघणाऱ्याने जाड चादर किंवा गोधडी अंगावर टाकून आग दाबावी, मग पाणी घालावे.

ज्वारीची भाकरी टम्म फुगली की तिच्या कडेने वाफ फुटते. बोटांनी दाबू नका, फडके घ्या. कुकरचे झाकण वाफ पूर्ण गेल्याशिवाय ओढू नका. भज्यांच्या पिठातले पाणी आणि ओला झारा यांमुळे तेल उडते. झारा पुसून घ्या, भजे कढईच्या कडेने हळूच सोडा. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी कधीही टाकू नका, भडका उडतो. गॅस बंद करा आणि वर झाकण सरकवा.

पऱ्हाट्यांची चूल पेटवणाऱ्या घरांत ठिणग्या फार उडतात. चुलीभोवती दोन-तीन हातांपर्यंत मुलांना येऊ देऊ नका. सैलानीच्या यात्रेला किंवा लग्नाच्या दावतीला जिथे तीन दगडांवर देग चढते, तिथे देगेशेजारी पाण्याची एक भरलेली बादली आणि लोटा ठेवा, जसे मीठ ठेवता तसे. आंघोळीच्या बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. उलटे केले की रांगते पोर नेमके त्याच वेळी हात घालते. आणि गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका. दारे-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि १९०६ ला कळवा.

गेल्या मे महिन्यात माझ्या नातीला तव्याचा काठ लागला. वय अकरा, पहिलीच भाकरी थापायला बसली होती. घरात एकच गलका झाला. तिची दादी, म्हणजे मी, माठाकडे धावले आणि बधना भरला. सून तुपाची बरणी घेऊन उभीच होती. मी तिला म्हटले, ते ठेव आणि घड्याळ बघ. वीस मिनिटे मी धार सोडत राहिले. पोरगी आधी रडली, मग कंटाळली, मग विचारू लागली की दादी, एवढा वेळ कशाला? तेव्हा मी तिला खालाच्या हाताची गोष्ट सांगितली. गोष्ट संपली तेव्हा अठरा मिनिटे झाली होती. उरलेली दोन मिनिटे ती काही न बोलता हात धरून बसली. आठ दिवसांनी तिथे फिकट तपकिरी रेघ उरली होती, आता तीही दिसत नाही. भाकरी ती आता माझ्यापेक्षा गोल करते.

मेहकरच्या माझ्या बेटीला एवढेच सांगणे: सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांच्या तुपात माया होती. हा अंक त्यांना वाचून दाखव, आणि शेगडीपासून चार पावलांवर पाण्याचा एक भरलेला लोटा नेहमी ठेवत जा. जखम अजून ओली असेल तर आजच डॉक्टरांना दाखव.

पुढच्या महिन्यात उन्हाळ्यातल्या जुलाबांबद्दल आणि घरी करायच्या साखर-मिठाच्या पाण्याबद्दल बोलू, इन्शाअल्लाह. तुमच्या घरी काय करतात ते लिहून पाठवा.

अल्लाह हाफिज.